दोन रिळांचं हसू

नाशिकजवळच्या सिन्नरचा मनोहर जनार्दन दीक्षित हा गुबगुबीत अंगाचा तरुण मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईच्या चित्रसृष्टीत शिरला. १९३२ साली रणजीत फिल्म कंपनीचा ‘चार चक्रम’ आला, त्यात नझीर मोहम्मद घोरी या सडपातळ नटाशी त्याची जोडी जमली. पुढची कित्येक वर्षं प्रेक्षक ही दोन नावं एका दमात घेत राहिले : दीक्षित-घोरी. एक जाड, एक बारीक. एक ऐटीत पुढे होणारा, दुसरा त्याच्या मागे फरपटत जाऊन दोघांनाही खड्ड्यात घालणारा. त्याच सुमारास अमेरिकेत लॉरेल आणि हार्डी हेच करत होते. मराठी माणसांनी त्यांना ‘जाड्या-रड्या’ करून घरचं मानलं, दीक्षित-घोरींना लोक हिंदुस्तानचे लॉरेल-हार्डी म्हणू लागले. जाड्या-रड्या आजही आपल्या घराघरात माहीत आहेत. आपल्याच सिन्नरच्या दीक्षितांचं नाव मात्र कानावर पडत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा विस्मरणाचा प्रकार एकट्या दीक्षितांपुरता नाही. बोलपटाच्या पहिल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात अंगाने हसवणाऱ्या नटांची एक पिढी उभी राहिली होती. धडपडणं, आपटणं, थोबाडीत खाणं, दारात अडकणं, भलत्याच माणसाला मिठी मारणं, हे सगळं ती नेटकेपणाने, ताल सांभाळून करत होती. अमेरिकेत असल्या विनोदाला स्वतःचं घर होतं : वीस मिनिटांचा, दोन रिळांचा लघुपट. आपल्याकडे ते घर कधी बांधलंच गेलं नाही. आपला दोन रिळांचा विनोद मोठ्या बोलपटाच्या पोटात राहिला, आणि म्हणून त्याचा वेगळा इतिहासही कुणी लिहिला नाही.

सुरुवात तशी वाईट नव्हती. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा जाहिरातीत चित्रपटाबरोबर एक नृत्य, एक विनोदी प्रवेश, पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू आणि काही हास्यचित्रं असा मसाला होता. हरिश्चंद्राच्या हालअपेष्टा पाहायला आलेल्या माणसाला थोडं हसवूनही पाठवायचं, हा हिशेब दादासाहेब फाळक्यांना ठाऊक होता. त्यांनी स्वतः ‘पिठाचे पंजे’सारखे छोटे विनोदी पट काढले. ‘प्रोफेसर केळफा’ असं स्वतःचंच आडनाव उलटं करून जादूचे प्रयोग पडद्यावर केले. आगपेटीतल्या काड्या नाचवल्या. म्हणजे आपल्या पौराणिक चित्रपटाच्या जनकाला गंमतही करायची होती. पण पैसा पुराणकथेत होता आणि कारखाना पैशावर चालतो.

मग १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. पडदा बोलू लागला आणि अंगविक्षेपी विनोदापुढे एक खरीखुरी तांत्रिक अडचण उभी राहिली. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. छायाचित्रकाराने हँडल जरा हळू फिरवलं की पडद्यावर माणसं भराभर पळत, पडत, उठत. निम्मा विनोद त्या हाताच्या गतीत होता. आवाज आला आणि गती सेकंदाला २४ चौकटींवर कायमची बांधली गेली, कारण ती हलली तर माणसाचा आवाज चिरका किंवा घोगरा होई. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला पेटीत कोंडलं गेलं. माइक लपवलेल्या जागेपासून नट फार लांब जाऊ शकत नव्हता. धावणाऱ्या विनोदाचे पायच बांधले गेले.

हॉलिवूडमध्ये याला काहींनी सुंदर उत्तरं शोधली. हॅल रोच यांच्या स्टुडिओत लॉरेल-हार्डींनी गती सोडून दिली आणि थांबणं धरलं. आधी संकट दाखवायचं, मग जाड्याने प्रेक्षकांकडे हताश नजरेने बघायचं, मग दाराआड काहीतरी कोसळल्याचा नुसता आवाज ऐकवायचा. पडणं न दाखवता ऐकवायचं, ही युक्ती बोलपटाशिवाय शक्यच नव्हती. १९३२ च्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये हे दोघं एक पियानो लांबलचक पायऱ्यांवरून वर चढवतात. जवळजवळ सगळी गोष्ट एवढीच, आणि विनोदी लघुपटासाठीचं पहिलं ऑस्कर तिला मिळालं. कोलंबिया कंपनीने १९३४ पासून थ्री स्टूजेसचे लघुपट काढायला घेतले, ते १९५९ पर्यंत काढतच राहिली, एकूण १९०. तिथल्या थिएटरात खेळाची रचनाच तशी होती : बातमीपट, व्यंगपट, दोन रिळांचा विनोद आणि मग मुख्य चित्रपट. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चाले. दोन रिळांत एक प्रसंग घ्यायचा, त्याचा पिळून रस काढायचा आणि संपवायचं.

आपला बोलपट मुळात गाण्यांनी लांबला होता. अडीच-तीन तासांच्या खेळाआधी आणखी वीस मिनिटं विकत घ्यायला कुठल्या थिएटरवाल्याला परवडणार होतं? मग रणजीतसारख्या कंपन्यांनी वाट काढली. चंदुलाल शहांची ही कंपनी १९२९ साली निघाली आणि वर्षाला भराभर चित्रपट काढत राहिली. जयंत देसाईंच्या ‘भूतियो महल’, ‘भूल भुलैया’ अशा पटांत नायक-नायिकेची गोष्ट चालू असताना मध्येच दीक्षित-घोरींचा एक प्रसंग येई, आपलं काम करी आणि निघून जाई. कथेशी त्याचा संबंध जेमतेम असे. समीक्षकांनी या उपऱ्या प्रसंगांना नावं ठेवली. मला वाटतं त्यांनी उलट बाजूने पाहिलं. ते प्रसंग खरं तर लपवलेले लघुपट होते. त्यांची लांबी, घडण, एकाच वस्तूभोवती फिरणं, सगळं दोन रिळांच्या विनोदाचंच होतं. फक्त त्यांना स्वतःचं नाव आणि स्वतःचं तिकीट नव्हतं.

मराठी बोलपटात हा विनोद आला तो हॉलिवूडकडे पाहूनच, असं मानायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संगीत नाटकाच्या जोडीला ‘फार्स’ करण्याची चाल मराठी रंगभूमीवर होतीच. हरिभाऊ आपट्यांनी मोलिएरवरून ‘मारून मुटकून वैदोबा’ केला, त्यातला वैद्य मार खाऊनच वैद्य होतो. आणि त्याच्याही कितीतरी आधी, आपल्या मराठवाड्यात, पैठणला नाथांनी भारुडं रचली. विंचवाचं भारूड करणारा माणूस अंगणात कसा तडफडतो, उड्या मारतो, लोळतो, ते ज्याने पाहिलंय त्याला अंगाचा विनोद परका वाटणार नाही. चारशे वर्षं हा विनोद भक्तीच्या अंगणात खेळतो आहे. तमाशातला सोंगाड्या तर त्याच घराण्यातला. गण-गवळण झाली की बतावणीत तो असा काही शिरतो, असा काही उलटा-सुलटा ऐकतो आणि असा काही मार खातो की मागे पडदा नाही, पुढे सामान नाही, तरी मैदान भरून जातं.

मराठी बोलपटाने मात्र सोंगाड्याकडे लगेच पाहिलं नाही. त्याने पुस्तकाच्या कपाटाकडे पाहिलं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मधून मराठी विनोदी लेखनाचा पाया घातला, राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने त्यावर मजले चढवले. गडकरी १९१९ साली सावनेरला गेले. त्यांचं ‘भावबंधन’ त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं. मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी काढलेली ही मंडळी. त्या नाटकातल्या कामण्णाच्या भूमिकेने दिनकर ढेरे इतके गाजले की पुढे चित्रपटांच्या श्रेयनामावलीतही ते ‘दिनकर कामण्णा’च राहिले.

नाटक कंपन्यांचे दिवस सरत आले तेव्हा बळवंतने सांगलीत चित्रपट काढायला घेतले. १९३४ च्या ‘कृष्णार्जुन युद्ध’च्या दिग्दर्शनात चिंतामणरावांबरोबर विश्राम बेडेकर होते. पुढे ‘रणांगण’ ही कादंबरी लिहिणारे तेच बेडेकर, तेव्हा तिशीच्या आत. १९३५ साली बेडेकरांनी गडकऱ्यांचं ‘ठकीचं लग्न’ पडद्यावर आणलं. उपवर ठकीला स्थळ शोधण्याची मोहीम हा त्याचा विषय, आणि मुलगी दाखवण्याच्या त्या काळच्या क्रूर बाजाराला हसता हसता ओरबाडण्याची ताकद त्या कथेत आहे. मला हा चित्रपट फार महत्त्वाचा वाटतो. पुराण नाही, इतिहास नाही, मराठी मध्यमवर्गीय घर, त्यातली माणसं आणि त्यांची फजिती एवढ्यावर बोलपट उभा राहू शकतो, हे करून पाहण्याचं धाडस त्यात होतं.

खरा बहर आला कोल्हापुरात. १९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली. विनायक आधी शिक्षक, म्हणून ‘मास्टर’. वि. स. खांडेकर आणि आचार्य अत्रे असे दोन अगदी वेगळ्या पिंडाचे लेखक त्यांनी जोडले. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त अत्र्यांचा औदुंबर जटाशंकरांचं ब्रह्मचर्यावरचं व्याख्यान ऐकून भारावतो, जमवलेली नट्यांची चित्रं फेकून देतो, व्यायामाला लागतो आणि किशोरी समोर येताच त्याच्या व्रताची इमारत एकेक वीट करून ढासळते. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखातल्या गाण्यावरून तेव्हा गदारोळ झाला, आणि चित्रपटाची आठवण आज त्या गाण्यापुरतीच उरली आहे. विनायकांचं काम त्याखाली झाकलं गेलं. स्वतः दिग्दर्शक, स्वतः देखणा नायक, आणि तरीही स्वतःच्या अंगाचं हसं करून घ्यायला तयार. नायकाचं हसं व्हायचं, हे आपल्या पडद्यावर नवं होतं.

पण त्या पिढीतला खरा अंगाचा कलावंत म्हणजे दामूअण्णा मालवणकर. तिरळे डोळे, किरकोळ शरीर आणि चेहऱ्यावर कायम एक भाबडं कोडं. १९३९ च्या ‘ब्रँडीची बाटली’त ते बगाराम झाले. दारूशी आयुष्यात ओळख नसलेला हा साधा माणूस, प्रेमापोटी, औषधासाठी ब्रँडीची बाटली शोधत निघतो. मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने त्याच वर्षी १ ऑगस्टपासून दारूबंदी आणली होती, त्यामुळे अत्र्यांचा विषय ताजा, तापलेला. शब्द अत्र्यांचे होते आणि ते कडकडीत होते. मात्र अत्र्यांचा विनोद पुढे धावतो, तर दामूअण्णा थांबतात. समोरच्याचं वाक्य संपलं तरी त्यांच्या डोळ्यांत ते अजून पोहोचलेलं नसतं. त्या उशिराने पोहोचण्यात हसू आहे. लॉरेल-हार्डींनी बोलपटात शोधलेलं थांबणं दामूअण्णांना मराठी रंगभूमीने दिलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, नवयुग कंपनीचा ‘लग्न पहावे करून’ आला आणि चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर अवतरले. दामूअण्णा चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. बडोद्यात पालीचे विद्वान म्हणून नावाजलेल्या जोशींनी ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ या पुस्तकांतून ही जोडी १९३२-३३ च्या आसपास घराघरात नेली होती. भित्रा चिमणराव आणि सोटा घेऊन फिरणारा दांडगा गुंड्याभाऊ. पुस्तकात सगळी मजा चिमणरावाच्या निवेदनात आहे : तो स्वतःची फजिती स्वतःच, अत्यंत गंभीरपणे, सांगतो. पडद्यावर हा ‘मी’ नाहीसा होतो. मग तो गंभीरपणा कुठे ठेवायचा? दामूअण्णांनी तो खांद्यांत, मानेत आणि त्या डोळ्यांत ठेवला. १९४२ च्या ‘सरकारी पाहुणे’तही चिं. वि. जोशींचीच कथा होती. ही जोडी अशी दर वर्षी चार-सहा छोट्या पटांत आली असती तर? कथा तर तयारच होत्या, प्रत्येक कथा नेमकी वीस मिनिटांची.

हे सगळं मुंबई-कोल्हापूर-सांगलीकडचं; आमच्या मराठवाड्यातलं चित्र वेगळं होतं. त्या वेळी लातूर निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. १९१७ साली उभ्या राहिलेल्या गंजगोलाईभोवती सोळा रस्ते जुळवून इथे मोठी बाजारपेठ वसली होती आणि तिला बाहेरच्या जगाशी जोडत होती बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटी रुळांची ही गाडी १९११ पासून मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी करत कुर्डुवाडीला जायची, तिथे मुंबई-पुण्याची मोठी गाडी. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचं. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, आणि पलीकडचा रुपया वेगळा, इकडचा हाली सिक्का वेगळा. शाळेत शिकणं उर्दूत, सभा भरवायची तर ‘गश्ती निशान ५३’ या निजामी परिपत्रकाप्रमाणे आधी परवानगी. मराठी माणसाने मराठीत एकत्र जमून बोलणं हेच जिथे सरकारला खुपत होतं, तिथे मराठी बोलपट ही नुसती करमणूक उरत नाही.

या मुलखात दीक्षित-घोरींचा विनोद आणखी एका कारणाने चपखल बसणारा होता. रणजीतचे पट हिंदुस्तानी भाषेत असत, आणि इथला शिकलेला माणूस घरी मराठी, कचेरीत उर्दू अशा दोन पायांवर उभा होता. सिन्नरचा मराठी ब्राह्मण आणि त्याच्याबरोबरचा मुसलमान नट, एकाच भाषेत एकमेकांना गोंधळात घालताहेत, हे चित्र लातूर-नांदेडच्या गल्लीत रोज दिसणारं. नांदेड तर निजामाच्या गोदावरी खोरे रेल्वेने मनमाडला जोडलेलं, मनमाडहून नाशिक जवळ आणि नाशिकहून सिन्नर. उलट ‘ब्रँडीची बाटली’चा मुख्य काटा इकडे बोथट झाला असता, कारण निजामी मुलखात दारूबंदी नव्हती. आबकारी हे तर राज्याच्या उत्पन्नाचं मोठं साधन होतं. बगारामाला लातुरात बाटली शोधावी लागली नसती.

ज्यांच्या गावात थिएटर नव्हतं त्यांच्यासाठी यात्रा होती. महाराष्ट्रभर यात्रांमधून तंबूतला सिनेमा फिरला आणि तमाशाच्या कनातीशेजारी त्याने आपली कनात ठोकली. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा किंवा महाशिवरात्रीची लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, अशा ठिकाणी सोंगाड्या पाहून आलेला माणूस पडद्यावरच्या नटाला काय मापाने मोजणार, हे उघड आहे. त्याला धडपड कशी असावी ते आधीच ठाऊक होतं. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला तेव्हा पडद्याने चाळीस वर्षं उशिरा का होईना, सोंगाड्याला घरात घेतलं. आणि लातूरच्या बाभळगावचे रितेश देशमुख हिंदी पडद्यावर ‘मस्ती’, ‘हाउसफुल’मधून अंगाचा विनोद करतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ही सगळी रांग उभी राहते.

दोन रिळांचा विनोद आपल्याकडे स्वतंत्र होण्याची उरलीसुरली शक्यता युद्धाने संपवली. कच्ची फिल्म परदेशातून येई, ती आटली. सरकारने परवाने लावले, मुख्य चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर आणली. एका अर्थी ही संधी होती : खेळ आखूड झाला, आधी वीस मिनिटं मोकळी झाली. पण १९४३ साली इंग्रजी मुलखातल्या थिएटरांवर सक्ती आली की दर खेळाला दोन हजार फूट सरकारमान्य फिल्म दाखवलीच पाहिजे. युद्धाच्या बातम्या, प्रचारपट. दोन हजार फूट म्हणजे बरोबर दोन रिळं. जिथे चिमणराव बसायला हवे होते, तिथे सरकार बसलं. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन निघालं आणि तीच जागा धरणं, कालवे आणि पाहुण्यांच्या स्वागतांना मिळाली. ते माहितीपट चांगलेही होते, त्यांचं ऋण मी मानतो. तरीही एका पिढीच्या विनोदाची खुर्ची त्यात गेली, हे नोंदवायला हवं.

माणसंही पांगली. मास्टर विनायक स्वातंत्र्यानंतर चार दिवसांनी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, ऐन एक्केचाळिशीत गेले. फाळणीनंतर घोरी पाकिस्तानात गेले. २९ जून १९४९ रोजी दीक्षितांचं निधन झालं. जाड्या-रड्याची एक देशी जोडी अशी सीमेने आणि मृत्यूने दोन वर्षांच्या आत तोडली. त्यांच्या बहुतेक फिल्म नायट्रेटवरच्या होत्या. ही फिल्म पेट घेते, नाही तर डब्यात चिकट होऊन विरघळते, आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन व्हायला १९६४ साल उजाडलं.

चिमणराव-गुंड्याभाऊंना मात्र शेवटी त्यांच्या मापाचं घर मिळालं. १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनने त्यांच्यावर मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. एका भागात एक कथा, लांबी जवळपास दोन रिळांची. प्रभावळकरांचा दबकत चालणारा, हात कुठे ठेवावेत हे न कळणारा चिमणराव लोकांनी असा उचलून धरला की त्या जोडीची ओळख म्हणून तोच राहिला. ‘लग्न पहावे करून’मधले दामूअण्णा त्यामागे गेले. लातूर-नांदेडकडे दूरचित्रवाणी त्यानंतर आली, त्यामुळे आमच्या भागातल्या अनेकांची या जोडीशी भेट पुन्हा पुस्तकातूनच झाली.

आता एक करता येईल. हंस आणि नवयुगचे जे पट हाती आहेत, त्यांतले विनोदाचे प्रसंग वीस-वीस मिनिटांचे सुटे करून, नटांची नावं ठसठशीत लिहून, शाळांत, ग्रंथालयांत आणि यात्रांच्या मैदानांत दाखवावेत. सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरा पडदा लावायला फार खर्च येत नाही. पहिल्या रात्री बगाराम ठेवावा, दुसऱ्या रात्री औदुंबर, तिसऱ्या रात्री चिमणराव आणि गुंड्याभाऊ. आणि खेळाच्या आधी, सिन्नरच्या मनोहर दीक्षितांचं नाव कुणीतरी मोठ्याने घ्यावं.